नळीला चिकटलेली साय

"तुमच्या दुधातच कस नाही," वजनाच्या तक्त्यावरून मान वर न करता डॉक्टर म्हणाले. "बारा दिवसांत जेमतेम चाळीस ग्रॅम. उद्यापासून डब्याचं दूध सुरू करू."

काचेच्या पेटीतलं पोर दोन महिने आधीच जन्माला आलेलं. ओढून प्यायची ताकद नाही म्हणून आईने काढून दिलेलं दूध पंपातून, बारीक नळीने, तासभर थेंबथेंब पोटात जायचं. आई पेटीपाशी गुन्हेगारासारखी उभी होती. दारातून सासूने री ओढली, "मी तर पहिल्या दिवसापासून सांगतेय. नुसतं पाणी आहे, पाणी! आमच्या घरात असं कुणाचंच झालं नाही."

कोपऱ्यातल्या मोरीशी मावशी नळ्या धूत होत्या. तेवीस वर्षं त्या या खोलीत हेच काम करत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकापुरतंच उरलं होतं. सासूचं बोलणं ऐकलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सलाइनची नळी एका पाण्यात लख्ख होते. या पोराच्या नळीला तीनदा कढत पाणी लागतं, तरी बोटं बुळबुळीत राहतात. दूध नुसतं पाणी असेल, तर हा ओशटपणा येतो कुठून?

हात पुसत त्या पुढे आल्या. "डॉक्टर, दूध पातळ नाही. त्यातली साय नळीतच राहते."

"मावशी, तुम्ही नळ्या धुवा. निदान मी करतो."

नर्स फिसकन हसली. आईने मान आणखी खाली घातली. मावशींना हसण्याचं काही वाटलं नाही, अशी बोलणी त्यांच्या अंगवळणी पडली होती. पण ती खाली गेलेली मान त्यांना बघवेना.

पोराच्या त्या दिवसाच्या शेवटच्या तीन नळ्या त्यांनी धुतल्या नाहीत. चिठ्ठी लावून एका ताटलीत ठेवल्या. सकाळी आई यायच्या आधीच डॉक्टर फेरीला आले, तशी ताटली त्यांच्यापुढे धरली.

"हे काय? घाण अशी ठेवतात?"

"कालच्याच आहेत. दूध संपलं म्हणून तुमच्या पंपाने शिट्टी मारली, तेव्हा काढल्या. रिकाम्या दिसतात ना?" मावशींनी पात्याने एक नळी उभी चिरली. "आता बोट फिरवा."

डॉक्टरांनी नाइलाजाने बोट फिरवलं. बोटाला पिवळसर, लोण्यासारखा पातळ थर लागला.

"दीड हात नळी, आणि तासभर दूध तिच्यातून सरपटतंय," मावशींचा आवाज चढला. "पाणी पुढे निघून जातं, सत्त्व भिंतीला चिकटतं. ते माझ्या मोरीत जातं, पोराच्या पोटात पाणचट दूध. आणि बोल कुणाला? तर आईला!"

डॉक्टरांनी बोटावरचा थर अंगठ्याने चोळून पाहिला. मग नर्सला म्हणाले, "पंप काढा. आखूड नळी लावा, सिरिंज उभी धरा आणि वीस मिनिटांत दूध द्या. डब्याचं राहू दे."

आठ दिवसांत पोराने दीडशे ग्रॅम वजन धरलं. फाइलीत नोंद झाली : डॉक्टरांच्या सूचनेनुसार दूध देण्याची पद्धत बदलली. मावशींच्या हाती मेमो पडला : वापरलेल्या नळ्या न धुता ठेवल्या, खुलासा करावा. त्यांनी तिथेच उभ्याने खाली लिहिलं, "होय, ठेवल्या. सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही, म्हणून दाखवाव्या लागल्या." आणि सही ठोकली.

कागद देऊन परतताना बाहेरच्या बाकावरून सासूचा आवाज आला. शेजारच्या बाईला ती सांगत होती, "डॉक्टर देवासारखे भेटले, म्हणून पोर सुधारलं. हिच्या दुधावर राहिलो असतो तर काही खरं नव्हतं."

सून भिंतीला टेकून उभी होती. ऐकत होती.

मावशी थबकल्या. "आजी, बाळ आजही हिचंच दूध पितंय. डब्याचा थेंब दिलेला नाही. दूध पहिल्या दिवसापासून चांगलं होतं. वाईट होती ती आमची नळी."

सासूने पदर सावरत नजर दुसरीकडे वळवली.

सुनेने मात्र मावशींकडे पाहिलं. "नळी बदलून आठ दिवस झाले. तेव्हाच कळलं होतं हे?"

"हो, बाळा."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

डॉक्टर सांगतील, असं मावशी धरून चालल्या होत्या. आता ते बोलून दाखवायचीही त्यांना लाज वाटली.

सासूने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, जरा सरकली. "बस गं," ती हळूच म्हणाली. "कधीची उभी आहेस."

सून बसली नाही. नळाशी जाऊन तिने कोपरापर्यंत हात धुतले आणि दार लोटून ती आत आपल्या बाळाकडे गेली.