काविळीचा ऊस

कचरूनं उसाच्या करव्यांची पिशवी काउंटरवर रुपालीपुढे ठेवली. ऊस त्याच्या मांजरी गावच्या मळ्यातला, सकाळी तोडून, सोलून, छोटे छोटे तुकडे करून आणलेला. शिपाई मोठ्या मायेचा. म्हणाला, "राजनंदिनी मॅडमना द्या. रसवंतीचा नको म्हणावं, बर्फ घालत्यात त्यात. ह्यो घरचा हाय. कावीळ पळती बघा."

मार्केट यार्डातल्या त्या बँकेत राजनंदिनीला कावीळ झाल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. तिला कावीळबिवीळ काही नाही, तिसरा महिना सरता सरता तिच्या पोटातलं बाळ गेलं, हे एकट्या रुपालीला ठाऊक होतं. आपल्याकडे पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नसतं, दृष्ट लागते म्हणे. बरं, नका सांगू. पण जे सांगितलंच नाही ते गेलं, तर माणसानं रडायचं कुणापाशी? मग रजेला कावीळ हे कारण द्यावं लागतं, आणि भाबडी माणसं ऊस पाठवतात.

रुपालीलाही एके काळी टायफॉइड झाला होता. एकदा नव्हे, दोनदा. पाणी उकळून पीत जा गं, असं साऱ्या शाखेनं तिला बजावलं होतं, आणि कॅशियरबाईंनी डब्यातून मुगाची खिचडी आणून घातली होती. ती तिनं मुकाट्यानं खाल्ली होती. पुढे एक्केचाळिसाव्या वर्षी तिला ओवी झाली. तेव्हा मात्र पेढे वाटले गेले, आणि शाखेनं पाहिले ते पेढेच. तेव्हापासून बाई चालतंबोलतं उदाहरण होऊन बसली. कुणाच्या सासूनं कुरकुर केली की, हातच्या काकणाला आरसा कशाला, आमच्या रुपालीताईंना बघा! रुपालीला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

राजनंदिनीनं पस्तिशीत तिला डबा खाताना विचारलं होतं. अधिकारीपदाची परीक्षा द्यायची होती, मग बदली होणार होती; मूल थोडं पुढे ढकललं तर चालेल का? भेंडीची भाजी तिच्या डब्यात वाढत रुपाली म्हणाली होती, "थांब की. काय घाई आहे? मला नाही का झालं?"

ती थांबली. परीक्षा पास झाली, बदली होऊन परतही आली. एकोणचाळिसाव्या वर्षी दिवस राहिले तेव्हा बाकी कुणाला नाही, पण रुपालीताईंच्या कानात सांगितलं. आणि आता हे. 'काय घाई आहे' हे आपलेच शब्द रुपालीला दिवसभर नोटा मोजताना ऐकू येत होते.

संध्याकाळी ती बिबवेवाडीला राजनंदिनीच्या घरी गेली. दार तिच्या सासूबाईंनी, वेणूबाईंनी उघडलं. पिशवीत डोकावून त्या म्हणाल्या, "काविळीला ऊस का? वा. तुमच्या बँकेत डॉक्टरही आहेत वाटतं." आत नेता नेता मग त्यांनी सगळं ऐकवलं. स्कूटर सोड म्हणून किती कानीकपाळी ओरडले, सूनबाईंनी ऐकलं नाही. तुमचं बघा, त्या वयात कसं अलगद झालं! ज्याला जपायचं असतं तो जपतो.

राजनंदिनी पलंगावर बसली होती. चार दिवसांत चेहरा पार उतरला होता. सासूबाई चहा टाकायला वळल्या तशी ती हळूच म्हणाली, "माझंच चुकलं, ताई. गंगाधाम चौकाकडे जाताना खड्ड्यात आपटली होती गाडी."

आता गप्प बसणं सोपं होतं. रुपाली इतकी वर्षं बसलीच होती. पण तिचंच नाव घेऊन या पोरीला रोज टोचलं जात होतं, आणि ही मान खाली घालून ते खरं मानत होती. रुपालीला स्वतःची किळस आली.

"वेणूकाकू, चहा राहू दे. तुम्हीही बसा इथे," ती म्हणाली. "मला टायफॉइड कधी झालाच नव्हता."

मग तिनं सगळं सांगितलं. दोन्ही वेळेला बाळं गेली ते. तिसऱ्या खेपेला पोटात रोज घेतलेली इंजेक्शनं, वाढलेली साखर, महिनोन् महिने बिछाना. ओवी आठव्या महिन्यातच झाली, काचेच्या पेटीत ठेवलेली, हातात घ्यायला मिळेना. अजून थंडी पडली की पोरीची छाती वाजते. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच स्वच्छ सांगितलं होतं, पस्तिशीनंतर पुष्कळ जणींचं नीट होतं, पण वय वाढतं तसे धोकेही वाढतात. "स्कूटरनं नाही गं गेलं. मी तर तेव्हा रिक्षानं जायचे."

वेणूबाई उठल्या आणि सुनेच्या पायांवर पांघरूण ओढून आत गेल्या.

राजनंदिनीनं विचारलं, "मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

दृष्ट, लाज, रीत अशी उत्तरं पुष्कळ होती. रुपालीला त्यातलं एकही देववेना. "सगळे माझं नाव घ्यायचे ना," ती म्हणाली, "मला बरं वाटायचं."

"कदाचित तरीही मी थांबले असते, ताई. पण ते माझं मी ठरवलं असतं." तिनं पिशवी उचलून रुपालीच्या हातात दिली. "हे घेऊन जा. मला कावीळ नाही झालेली."

घरी ओवीनं पिशवी हिसकावलीच. पायरीवर बसून ती करवे चावू लागली, रस कोपरापर्यंत ओघळला. पडलेल्या दाताच्या फटीतून चोथा थुंकत तिनं विचारलं, कुणी दिला? रुपालीनं सांगितलं, कचरूकाकांनी राजनंदिनी मावशीसाठी दिला होता.

ओवी चावायची थांबली. उरलेल्यांतला सगळ्यात जाड करवा शोधून तिनं आपल्या शाळेच्या डब्यात ठेवला आणि डबा आईपुढे धरला.

"हा मावशीचा. उद्या देशील ना?"

रुपालीनं डबा घेतला. नळाखाली लेकीचे चिकट हात धुताना ती म्हणाली, "ती घेईल का ते विचारते."