गाडी येईपर्यंत

“ते ‘स्वकष्टाने’ काढून टाका जी,” नत्थूजी म्हणाले.

सभागृहामागच्या खोलीत मी त्यांना त्यांचाच परिचय वाचून दाखवत होतो. कार्यक्रम सुरू व्हायला वीस मिनिटे होती. आमच्या लघुउद्योजक संघाचा पुरस्कार-सोहळा दर फेब्रुवारीत होई. संघाच्या कार्यालयात मी कारकून. आवाज बरा म्हणून चौदा वर्षे सूत्रसंचालनही माझ्याकडेच होते. १९७७ सालचे प्रमुख वक्ते नत्थूजी. भिवापूरच्या मिरचीची पूड विकता विकता त्यांनी इतवारीत कारखाना काढला होता. पंचावन्नच्या आसपासचे वय, धोतर, त्यावर काळा कोट, आणि कोटाच्या बाहीशी सतत चाळा करणारी जाड बोटे.

“मग काय लिहू?” मी विचारले.

“गोपिका लिहा. माही वयनी.”

मी पेन उघडून थांबलो. ते दाराकडे बघत बोलू लागले.

“भाऊ गेला तवा मी बारा वर्षांचा. ती एकोणीसची. दिवसभर लोकायच्या मिरच्यांचे देठ खुडे, घरी आली का आमची मिरची कुटे. मी पोतं घेऊन छोट्या रेल्वेनं इतवारीत येत होतो. पहिल्या खेपेले निघालो तं म्हणे, डोळ्याले हात नको लावजो. बस, एवढंच.” ते जरा हसले. “मंग कारखाना झाला. माहं लगन झालं. बायकोचं अन् तिचं जमे ना. एक दिवस भांडणात मी बोलून गेलो, यात तुह्यं काय हाय?”

“मग?”

“काही म्हटलं नाही जी तिनं. चुलीवरचं दूध उतरवलं, झाकलं, अन् बेल्याले, भावाच्या गावी निघून गेली. सोळा वर्षं झाले. तीनदा गेलो मी. पाणी देते, बोलत नाही.”

त्या दिवशी दुपारी त्यांनी ड्रायव्हर ओमप्रकाशला गाडी घेऊन बेल्याला पाठवले होते. निरोप एवढाच होता : माफ नको करू, फक्त येऊन बस अन् आयक. गाडी अजून परतली नव्हती.

इतक्यात संघाचे अध्यक्ष वामनराव आत आले. त्यांनी माझ्या हातातला खोडलेला कागद पाहिला.

“दंडिगे, स्मरणिकेत छापून आलं तेच वाचा. घरच्या गोष्टी काहून सांगायच्या लोकायले? अन् साडेसातले संपलं पाहिजे.”

व्यासपीठाकडे जाताना नत्थूजी माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, “माहं भाषण जितकं उशिरा होईल तितकं बरं.”

चौदा वर्षांत माझा एकही कार्यक्रम मिनिटभर लांबला नव्हता. याचा मला अभिमान होता, आणि अभिमान बाळगावा असे माझ्याजवळ दुसरे फारसे काही नव्हते. पुरस्कार सात होते. प्रत्येकाला बोलावायचे, दोन ओळी वाचायच्या, शाल आणि नारळ द्यायचा, टाळ्या झाल्या की पुढचे नाव. पंचवीस मिनिटांचे काम. त्यानंतर नत्थूजींचे भाषण.

पहिले मानकरी पंपाचे सुटे भाग बनवत. शाल घेऊन ते खाली उतरू लागले, तोच मी म्हणालो, “आपण दोन शब्द बोलावेत अशी सर्वांची इच्छा आहे.” सर्वांची तशी इच्छा मुळीच नव्हती. ते गांगरले, पण माइक हातात आल्यावर आपल्या जुन्या लेथ मशीनबद्दल नऊ मिनिटे बोलले. दुसऱ्या शोभाताई. शाळांचे गणवेश शिवत. “काय सांगू बाप्पा,” असे म्हणून त्यांनी मागच्या रांगांत बसलेल्या आपल्या अकरा शिवणाऱ्या बायकांना नावे घेऊन एकेक उभे केले. प्रत्येकीला टाळ्या झाल्या. मग मी तिसऱ्यांना बोलते केले, चौथ्यांना केले.

नत्थूजींच्या आता ध्यानात आले होते. ते माझ्याकडे पाहत, मग दाराकडे पाहत. दार उघडले की त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या कडेवर येत. एकदा उशिरा आलेले कोणी गृहस्थ होते, एकदा फुले आणणारा. मीही दाराकडेच पाहत होतो. ज्या बाईला मी कधी बघितले नव्हते, तिची मी अशी वाट पाहत होतो की जणू ती माझ्याच घरून निघून गेली होती.

वामनरावांची चिठ्ठी आली. तीवर ‘पुरे’ एवढेच लिहिले होते. मी ती खिशात घातली आणि सहाव्या मानकऱ्यांना त्यांच्या गुरूंविषयी विचारले.

सातवेही बोलून उतरले, तेव्हा साडेसात वाजले होते. आता आणखी लांबवणे माझ्या हातात नव्हते. मी परिचयाचा कागद उचलला. स्मरणिकेतला नव्हे, माझ्या हाताने दुरुस्त केलेला. “आजचे प्रमुख वक्ते नत्थूजी. त्यांच्या वहिनी श्रीमती गोपिकाबाई यांनी कुटलेल्या मिरचीतून हा कारखाना उभा राहिला.” वामनरावांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. पुढल्या वर्षी माइक दुसऱ्याच्या हाती गेला, ते बहुधा त्याच क्षणी ठरले असावे.

नत्थूजींनी खिशातले लिहून आणलेले भाषण काढले नाही.

“मले निर्यातीवर बोलाचं होतं,” ते म्हणाले. “ते माह्यानं होत नाही. धंदा माह्या नावावर हाय, पण हात तिचे होते. हिवाळ्यात तिच्या बोटायची आग होये, म्हणून ती हात थंड्या राखेत घालून बसे. हे मी पायलं हाय. पाहूनही मी तिले विचारलं, यात तुह्यं काय हाय. तिनं उत्तर देलं नाही. चार लोकांत सांगतो, सारं तिचंच हाय. वयनी, तू आली असशील तं...”

त्यांनी दाराकडे पाहिले. दार बंद होते. वाक्य त्यांना पुरे करता आले नाही. नमस्कार करून ते खाली बसले. व्यापारी मंडळींना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. मग मागून शोभाताईंच्या बायकांनी सुरुवात केली.

आभार उरकून मी त्यांच्यासोबत बाहेर आलो. समोर कडुनिंबाखाली गाडी उभी होती. ओमप्रकाश धावत आला.

“कवा आला तू?” नत्थूजींनी विचारले.

“तुमचं नाव पुकारलं तवाच, मालक.”

“अन् ती?”

“आल्या होत्या. भाऊ होते संगं. आत चला म्हटलं, तं नाही म्हणाल्या. गाडीतच बसल्या. बाहेरच्या भोंग्यातून ऐकू येत होतं. मले म्हणे, इंजिन बंद कर बाप्पा, आवाज नीट येऊन नाही राहिला.”

नत्थूजींनी गाडीकडे पाहिले.

“तुमचं संपल्यावर उतरल्या. बेल्याची शेवटची मोटर धरतो म्हणे. मी म्हटलं, सोडून देतो. तं म्हणे नको, तुह्या मालकाले पायी जा लागंल. रिक्षा करून देली.” तो घुटमळला. “आत्ताच गेल्या. स्टँडवर जाऊ का? भेटतील अजून.”

त्यांचा एक पाय गाडीकडे निघाला होता. तो त्यांनी मागे घेतला. गळ्यातला हार काढून हातात धरला.

“नको,” ते म्हणाले. “तिनं आयकलं. आता तिच्या मागं लागाचं नाही.” मग विचारले, “कोणत्या बाजूले बसली होती?”

“डावीकडे. खिडकीपाशी.”

ओमप्रकाशने सवयीने मागचे दार उघडून धरले. नत्थूजी वाकून आत पाहत राहिले. सीटवरच्या खोळीला बसल्याच्या सुरकुत्या पडल्या होत्या. त्यांनी ते दार स्वतःच्या हाताने, आवाज न करता लावले, वळसा घालून पुढे आले आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसले.

“घरी?” ओमप्रकाशने विचारले.

“घरी. हळू घे.”

गाडी फाटकातून बाहेर पडली. मागची सीट रिकामीच होती.