एडमंडची धर्ममाता

माझ्या बाळाच्या, एडमंडच्या बाप्तिस्म्याला पाच दिवस उरले असताना कळलं, की इमोजेनला त्याची धर्ममाता, म्हणजे गॉडमदर, होता येणार नाही. इमोजेन माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिने हॅटसुद्धा घेऊन ठेवली होती. अर्ज भरताना पाळकबाई हिलरींनी विचारलं, "तिचा स्वतःचा बाप्तिस्मा झालाय ना? त्याशिवाय चालत नाही." आमच्याकडे चर्चची पायरी कोणी चढत नाही, पण लहानपणी डोक्यावर पाणी पडलेलंच असतं, असं सगळे धरून चालतात. मी तिला फोन केला.

"अगं, आईबाबा म्हणाले, मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल," इमोजेन म्हणाली. "मी अजून ठरवतेय."

दुसरं कोण? नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर, तीन-तीन आठवडे. मला काही झालं तर जिला आधी कळेल, अशी बाई मला हवी होती.

"शेजारच्या मिसेस प्यू?" हिलरी म्हणाल्या.

"मी दर दहा मिनिटांनी बाळाच्या नाकाशी बोट धरते, हे त्यांनी अख्ख्या दुकानात सांगितलं. नुसतं गॉसिप."

"धरतेस का?"

मी साखरेचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं.

"गॉसिप हा शब्द मुळात धर्ममाता-पित्यांचाच," हिलरी चहा ढवळत म्हणाल्या. "गॉड-सिब, देवाच्या साक्षीने जुळलेलं नातं. पुढे बाळंतिणीपाशी जमणाऱ्या बायकांना तसं म्हणू लागले. पुरुषांना आत मज्जाव. बाहेर बसून ते म्हणाले, चकाट्या पिटत असतील. तिथून शब्द घसरला तो घसरलाच."

शब्दाच्या इतिहासावरून कोणी धर्ममाता निवडत नाही. मी दोन दिवस तसेच काढले. तिसऱ्या दिवशी टबात पाणी सोडलं, बाळाला कडेवर घेतलं आणि उभ्या उभ्या माझा डोळा लागला. पावलं भिजली तेव्हा जाग आली.

तशीच शेजारी गेले. मिसेस प्यूंना टबाचं सांगितलं, मग धर्ममातेचं विचारलं.

"होईन की. पण रविवारपर्यंत थांबायचं कशाला? आण त्याला इकडे. तू जाऊन झोप, पोरी, मढ्यासारखी दिसतेस."

"कुणाला सांगू नका."

"ते मला जमायचं नाही."

तरी दिला. चार तास झोपले. उठले तेव्हा त्या फाटकापाशी, एडमंड खांद्यावर, पोस्टमनला सांगत होत्या, "टब भरून वाहिला, तरी पोरीला पत्ता नाही. उद्या दुपारी तुझ्या बायकोला पाठव इकडे, बाळाला सांभाळायला."

मी पडदा ओढला आणि पुन्हा आडवी झाले.