वळणावरची घंटी

ट्रामचे रूळ उखडून तिथं गुळगुळीत पायवाट केली, तेव्हा निवृत्त ट्रामचालक अप्पांनी ठणकावलं होतं, "तिकडं पाऊलसुद्धा ठेवणार नाही!" पण बायको गेली, घर खायला उठलं आणि अप्पा मुकाट्यानं रोज तिथंच फिरू लागले.

ट्रामची घंटी चालकाच्या पायाखाली असायची. घराखालच्या वळणावर अप्पा ती टाचेनं दाबायचे आणि वर बायको चहाचं आधण ठेवायची.

आजही त्या वळणावर टाच आपसूक आपटली. मागून येणारी मुलगी दचकली. "आजोबा, पायाला काही लागलं का?"

"छे गं, घरी कळवतोय," म्हणत अप्पांनी वर पाहिलं.

खिडकी बंद होती. सकाळी निघताना त्यांनीच लावली होती.