‘पुसू नये’ लिहिलेला फळा

मी एक जुना पांढरा फळा आहे, मित्रांनो. पांढरा म्हणायचं आपलं. उजव्या कोपऱ्यातली एक लाल रेघ काही केल्या जात नाही, आणि माझी गोष्ट त्या रेघेचीच आहे.

अमरावतीच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात, अनुपमा मॅडमच्या खोलीत मी टांगलेला होतो. कापसातून सरकी वेगळी करणारी जिनिंगची मशीन सॉफ्टवेअरनं कशी चालवावी, याचा आराखडा त्या माझ्यावर काढत. चौकटी, बाण, पुन्हा चौकटी. मला भारी रुबाब वाटायचा.

एकदा अकोल्याच्या जिनिंगमधले देवमनभाऊ आले. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं. मला न्याहाळून ते म्हणाले, “मॅडम, हे चुकलं. बंद कराचं बटन दाबलं तरी रोलर फिरूनच रायते. नाई तं माह्ये बोटं कायले गेले असते?”

मॅडमनी लाल मार्कर उचलला. मग त्यांनी लाल बाण काढला: रोलर पुरता थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही. पुढं देवमनभाऊ रोज घड्याळ लावून, रोलर थांबायला किती सेकंद लागले ते फोनवर सांगत. मॅडम ते बाणाशेजारी लिहीत. खाली ठळक लिहिलं, ‘पुसू नये’. वहीत उतरवायचं मात्र उद्यावर राहिलं.

या आराखड्यावरचा मॅडमचा शोधनिबंध परदेशी नियतकालिकाकडे गेला. तिथल्या परीक्षकांचं उत्तर यायला अकरा महिने लागले. तेवढ्यात कॉलेजात तपासणी समिती यायची ठरली. साफसफाईच्या पंचफुलाबाई फडका घेऊन अडखळल्या. “सर, यावर पुसू नका लिहून हाये.”

“कमिटी येऊन राहिली बाई,” विभागप्रमुख म्हणाले. “चकाचक करा.”

आणि मी चकाचक झालो; त्या बाणाची एक लाल रेघ तेवढी राहिली.

आठवड्यानं उत्तर आलं. निबंध पसंत होता. फक्त लाल बाणाला आधार काय? मोजमापं द्या, नाहीतर बाण वगळा. मॅडमनी अकोल्याला फोन लावला. “ते तं गेले मॅडम, पोळ्याआधीच,” देवमनभाऊंची बायको म्हणाली. ती मशीनही भंगारात गेली होती. मॅडम माझ्यापुढे उभ्या राहून रडल्या. मग त्यांनी बाण वगळून निबंध पाठवला.

तो छापून आला. सत्कार झाला, शाल मिळाली. त्यानंतर मॅडमनी माझ्यावर एक अक्षरही लिहिलं नाही. आता मी जिन्याखाली धूळ खात पडून आहे.

मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. पण स्वतःची बोटं गमावून शिकलेलं कुणी तुम्हाला सांगितलं, तर ते त्याच दिवशी वहीत उतरवा, त्याच्या नावासकट. तो छापलेला आराखडा वाचून उद्या कुणी मशीन बनवेल. बटन दाबल्याबरोबर झाकण उघडेल, आणि आत रोलर फिरत असेल.