तिकडचे डॉक्टर

धाकटीची निम्मी पीएचडी बसमध्ये झाली, असं ताई म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. आठवड्याची सुरुवात प्रयोगशाळेत, शेवट बाबांच्या खाटेशी आणि मध्ये डोंगर उतरणारी बस. बाबांचं उजवं अंग लुळं पडल्यापासून हेच चाललं होतं. मांडीवर लॅपटॉप उघडायचा आणि पहिल्या वळणाला पोटात ढवळलं की मिटायचा. तिसरं प्रकरण त्या वळणापाशीच अडलं होतं.

तिचा विषयही प्रवासाचाच. माशांची बोटाएवढी पिल्लं, ज्यांना त्या धंद्यात बोटुकली म्हणतात, ती पिशवीत पाणी आणि ऑक्सिजन भरून लांब नेली तर किती जगतात, हे ती तपासत होती. बाबांना याची भारी गंमत.

"आलं का आमचं बोटुकलं?" ते वाकड्या तोंडाने विचारत. "जिवंत पोचलं?"

"पोचलं, बाबा."

"मोजून घे गं ताई. एकच आहे, पण मोजून घे."

ताई हसायची नाही. "दोन दिवस येतेस, लाड करून घेतेस आणि जातेस," ती एकदा भांडी विसळताना म्हणाली. "मग हे दाराकडे डोळे लावून बसतात. माझ्या हातचा घास गिळत नाहीत. पाठ माझी मोडली, लाडकी मात्र तू."

तिकडे सरांनीही बोलावून सांगितलं, "ही शेवटची मुदतवाढ. दोन डगरींवर पाय ठेवून फार दिवस चालत नाही." सर भले होते, म्हणून तर ते जास्त लागलं.

शेवटी ठरलं, की बाबांनाच तिकडे न्यायचं. धाकटीने प्रयोगशाळेजवळ तळमजल्यावर खोली घेतली. ताईही काही महिने येऊन राहणार होती. प्रश्न एकच होता. बाबांना डायपर खपत नसे. ते तो डाव्या हाताने ओढून काढत आणि मग लाजेने भिंतीकडे तोंड करून पडत.

"वाटेत यांना सारखं उतरवायचं कसं?" ताईने फोनवर विचारलं.

धाकटी तेव्हा प्रयोगशाळेत बोटुकलींच्या पिशव्या भरत होती. फोन खांद्यात आणि मानेत धरलेला. "आदल्या संध्याकाळपासून खायला देऊ नकोस. पाणीही नको. फार तर ओठ ओले कर."

"पाणीसुद्धा? उन्हाचे दिवस आहेत गं."

"पोट रिकामं असलं की प्रवास सोसतो."

"डॉक्टरांना विचारलंस ना?"

पिशवीचं तोंड पिळून रबर चढवायचं होतं. ऑक्सिजन निसटत होता.

"हो," ती म्हणाली.

घाटात ट्रक उलटला होता. भाड्याची गाडी भर उन्हात तासन् तास तापत उभी राहिली. बाबांनी पाणी मागितलं, पुन्हा मागितलं. ताईने ओला रुमाल ओठांवरून फिरवला. "डॉक्टरांनी सांगितलंय, बाबा. आता थोडंच राहिलं."

ते पोचले. खुर्चीतून आत नेताना म्हणालेही, "पोचलं बोटुकलं. घे मोजून." मग पेलाभर पाणी पिऊन झोपले.

"एकदाही उतरवावं लागलं नाही बघ," ताई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी समाधान होतं. "इथे आल्यावरसुद्धा नाही."

धाकटी निश्चिंत मनाने प्रयोगशाळेत गेली. बोटुकली वाटेत फारशी मरत नाहीत. टाकीत सोडल्यावर छान पोहतात, सगळे खूश होतात आणि मग ती मरू लागतात. तिच्या प्रबंधाचा निष्कर्ष हाच होता, आणि त्या संध्याकाळी तिने तोच टाइप केला.

दुसऱ्या दिवशी बाबा हाकेला ओ देईनात. इस्पितळातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, मूत्रपिंडं आधीच थकलेली असणार, त्यात पाणी पडलं नाही. "का नाही दिलंत?"

"डॉक्टरांनीच सांगितलं होतं," ताई म्हणाली.

"कोणत्या?"

ताईने धाकटीकडे पाहिलं.

"तिकडच्या," धाकटी म्हणाली.

बाबा त्याच आठवड्यात गेले. ताई घरी परतली आणि तिने त्या डॉक्टरला शिव्याशाप द्यायचं बाकी ठेवलं नाही. दवाखान्यात जाऊन जाब विचारते, म्हणायची. धाकटी फोनवर दर वेळी सांगायची, "जाऊ दे ताई. माणूस काही परत येणार नाही." आता बसने जायला कारण उरलं नव्हतं. तिसरं प्रकरण भराभर पूर्ण झालं.

तोंडी परीक्षा सगळ्यांसमक्ष होती. बाबांच्या वतीने म्हणून ताई आली आणि पहिल्या रांगेत बसली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. उमेदवाराची भीड चेपावी म्हणून त्यांनी आधी सोपा प्रश्न घेतला.

"पिशवीत भरण्याआधी पिल्लांना उपाशी ठेवलंत. का बरं?"

उत्तर तिला पाठ होतं. "पोट रिकामं असलं की प्रवास सोसतो," ती म्हणाली. "वाटेत पाणी घाण होत नाही."

परीक्षकांनी मान डोलावली. पहिल्या रांगेत ताईने मान वर केली. मग ती पुढचा सगळा वेळ तशीच बघत राहिली. निकाल सांगितला, टाळ्या झाल्या, तेव्हा तिचे हात पर्सवरच होते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सर लगबगीने आले. "अभिनंदन. ताई, तुमची बहीण आजपासून डॉक्टर बरं का."

"आजपासून नाही, सर," ताई म्हणाली. "ती आधीपासूनच आहे."