न खोडलेली नणंद

मी खोडरबर बोलतोय. हसू नका! भल्याभल्या घराण्यांतले काका-मामा मी दोन घासांत नाहीसे केलेत.

जन्म कारखान्यातला, दहा भावंडांच्या पुडक्यातला. तिथून थेट दवाखान्यात, मॅडमच्या टेबलावर आलो. आईबापांकडून मुलांत येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणं हे मॅडमचं काम. त्या पेन्सिलीने घराण्याचा नकाशा काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आत काळं. आणि माणसं सांगतात कशी! "काकांना तीन मुलं. छे, चार! थांबा, आत्याला फोन लावतो." की आलीच माझी पाळी.

एका सकाळी तिघं आली. गणिताचे मास्तर, त्यांची तीन महिन्यांची गरोदर बायको आणि मास्तरांची आई. बायकोचा भाऊ तान्हेपणीच स्नायूंच्या आजाराने गेलेला. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच हा आजार होतो. एकाकडून आला तर माणूस धडधाकट, फक्त दोष पुढे देऊ शकतो. पोटातल्या बाळाला धोका किती, एवढंच त्यांना हवं होतं.

"हिच्यात दोष असायची शक्यता निम्मी," मास्तरांनी ठोकून दिलं.

मॅडमनी निम्मी लिहिलं आणि हसून मला उचललं. "सर, भावाला आजार, म्हणजे यांच्या आई-बाबा दोघांतही दोष. मग मुलांच्या चार शक्यता. एकीत आजार, दोनांत नुसता दोष, एकीत काहीच नाही. या आजारी नाहीत, म्हणजे पहिली गळाली. राहिल्या किती?"

"तीन... त्यांतल्या दोन." मास्तरांचा चेहरा असा पडला म्हणता! वर्गात हाच माणूस पोरांचे कान पिळत असणार. मी आनंदाने झिजलो.

"आणि तुमच्याकडे?"

"आमच्यात कुणाला काही नाही," सासूबाई चटकन म्हणाल्या.

म्हणजे मास्तरांची शक्यता चारचौघांसारखी, पन्नासात एक. दोघांच्या शक्यता गुणल्या, त्याची चौथाई केली. धोका तीनशेत एक.

"मग तपासणी नकोच ना?" सुनेने पर्स उचलली.

सासूबाई मात्र जागच्या हलेनात. "एक होती," त्या म्हणाल्या. "याच्याआधीची. अकरा महिन्यांची झाली तरी मान धरली नव्हती तिने. गेली. घरचे म्हणाले, बोलू नकोस, उद्या पोरांची लग्नं जमायची नाहीत. यालाही ठाऊक नाही."

मॅडमनी मास्तरांच्या चौकोनाशेजारी छोटा गोल काढून आत काळं भरलं. आता मास्तरांची शक्यताही तीनात दोन. तीनशेत एक मीच पुसलं, तिथे नवात एक आलं. तपासणी लगेच ठरली.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला, तिघं पुन्हा आली. दोष मास्तरांत होता, बायकोत नव्हता. बाळ सुटलं! मास्तर रडत रडत हसले. म्हणजे सासूबाई गप्प बसल्या असत्या तरी बाळाचं काही बिघडणार नव्हतं. पण हे त्या दिवशी कुणाला ठाऊक?

कागदावर खाडाखोड फार झाली होती. डाग पुसायला मॅडमनी मला त्या छोट्या गोलाजवळ नेलं, तशी सासूबाईंनी त्यांचं मनगटच धरलं.

"तिला नका हो पुसू! घरात तिचा फोटोसुद्धा नाही."

सुनेने हळूच विचारलं, "आई, नाव काय होतं त्यांचं?"

मॅडमनी गोलाखाली नाव लिहिलं. सासूबाई कागदाची झेरॉक्स मागून घेऊन गेल्या.

मी आता हरभऱ्याएवढा उरलोय. कधी टेबलाखाली घरंगळेन, नेम नाही. तुम्ही मॅडमकडे आलात तर गेलेली मुलंही सांगा. आढेवेढे नकोत. काही चुकलंच तर मी आहे, जेवढा उरलोय तेवढा.